ट्रॅकवर लावलेली गाडी

दि. १४, गुरुवार सकाळ

चि. धाकट्यास, आणि रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून पायडल मारणाऱ्या सगळ्यांना,

ताईचा आशीर्वाद आणि नमस्कार.

मित्रांनो, या शहरात आपल्याला जागा नाही. मोटारीला धावायला जागा आहे, थांबायला जागा आहे, रात्री झोपायलासुद्धा जागा आहे. आपण घंटी वाजवली की लोक हसतात. आपण पडलो की आपल्यालाच विचारतात, "बघून चालवता येत नाही का?" वर्षानुवर्षं घसा फोडल्यावर आपल्या पदरात सायकल ट्रॅकची एक हिरवी पट्टी पडली, आणि तिच्यावरही कुणीतरी खुशाल गाडी लावून निघून जातं!

बघितलंस? पत्र तुला लिहायला बसले आणि सभा भरवली. तू नेहमी म्हणतोस ना, "ताई, पाणी पी आणि खाली बस." बसले आहे. पाणीही प्याले.

खांदा कसा आहे? डॉक्टरांनी झोळी कधी काढायची म्हटलंय? कुशीवर झोपता येतं का? तुझी बेकरी तुझ्या बायकोनं एकटीनं सांभाळलीये हे कळलं. भट्टी तिची, गल्ला तिचा आणि घरोघरी पाव पोचवायचं कामही तिचंच. ती फोनवर माझ्याशी मोजकंच बोलली. "ताई, ही सायकल मी विकणार आहे. टेम्पो बघून ठेवलाय." मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणाली, "नको. तुमचं ऐकूनच आमची व्हॅन गेली."

खरं आहे. व्हॅन तू माझं भाषण ऐकून विकलीस. पुढे मोठी पेटी बसवलेली ती सायकल घेतलीस तेव्हा मी तुला मंचावर बोलावून लोकांना दाखवलं होतं, "हा माझा भाऊ! याच्या पावाला धुराचा वास येत नाही!" केवढ्या टाळ्या पडल्या. तू लाजून कान खाजवत होतास.

मी भेटायला येत नाहीये म्हणून तू रागावला असशील. रागावला नसशील, तू रागावत नाहीस, तेच तर अवघड आहे. "ताई मोर्च्याच्या कामात आहे," असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे. काम आहेच. रविवारी लाँड्रीसमोर आपल्या मंडळाची सभा आहे. लाँड्रीवाल्याची गिऱ्हाइकं ट्रॅकवर गाड्या लावतात, त्या दिवशीही त्याच्याच गिऱ्हाइकाच्या गाडीला वळसा घालताना तू पडलास, म्हणून त्याचा परवाना रद्द करा, अशी मागणी आहे. मुख्य वक्ता मी. त्याच्या शटरवर आपल्या पोरांनी कागद चिकटवलेत. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "इथे माणसं पाडून मिळतील." कोटी चांगली आहे म्हणून मी शाबासकी दिली होती.

आता जे लिहायचं ते लिहिते.

गेल्या हिवाळ्यात, कॉलेजात शिकवून परत येताना, एक बस माझ्या हँडलला घासून गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. तुला मी तो किस्सा रंगवून सांगितला होता, ड्रायव्हरला कसं चार शब्दांत सरळ केलं वगैरे. मी त्याला काहीही बोलले नव्हते. मी फूटपाथवर बसून राहिले होते. दुसऱ्या दिवशी सायकल काढली, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. त्यानंतर मी रस्त्यावर सायकल चालवलेली नाही.

तुझे भावोजी बदलीच्या गावी गेल्यापासून त्यांची गाडी कव्हरखाली झोपलीये असं तू समजतोस. ती रोज बाहेर पडते. माझी घडीची सायकल डिकीत असते. सभेच्या जागेच्या अलीकडे, वळणाआड, मी गाडी लावते, सायकल उघडते आणि शेवटचा तुकडा पायडल मारत येते. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून वाट देतात. आणि धाकट्या, हेही लिहिते: डिकीत पाण्याची बाटलीही असते. ती पिण्यासाठी नसते. घाम आल्यासारखं दिसावं म्हणून कपाळावर आणि पाठीवर शिंपडायची. मंडळातल्या काकू एकदा टॉवेल घेऊन धावत आल्या होत्या. "अगं बाई, केवढी दमलीस, आधी बस!" त्यांनी माझी पाठ पुसली. मी पुसू दिली.

त्या सकाळी मला सभेचे कपडे लाँड्रीतून घ्यायचे होते. समोर सगळीकडे गाड्याच गाड्या. एकच जागा मोकळी दिसली. ती मोकळी का होती हे या शहरात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या जागेसाठी मी उपोषणाला बसले होते. "मिनिटभराचं तर काम," असं मनाशी म्हटलं आणि चाकं हिरव्या रंगावर चढवली. हेच वाक्य म्हणणाऱ्यांची नक्कल करून मी कितीदा लोकांना हसवलंय.

मी आत कपडे मोजून घेत होते. बाहेर ब्रेकचा आवाज आला, मग पत्रा वाजल्यासारखं काहीतरी, मग माणसांचा ओरडा. बाहेर आले तर रस्त्यावर पाव सांडले होते. तू गाडीला वळसा घालायला ट्रॅकबाहेर निघालास आणि मागून आलेल्या पिकअपचा आरसा तुझ्या पेटीला लागला. शाळेला सुट्टी नसती तर त्या पेटीत पावांच्या जागी तुझी लेक, आपली चिमणी बसलेली असती. तिला शाळेत सोडूनच तू पुढे जातोस ना?

मी धावले. तुझं डोकं मांडीवर घेतलं. लोक म्हणाले, "बहीण देवासारखी आली." कुणीतरी ओरडलं, "ही राखाडी गाडी कुणाची?" सगळे इकडेतिकडे बघायला लागले. लाँड्रीवाला दारात उभा होता. त्यानं मला गाडी लावताना पाहिलं होतं. तो माझ्याकडेच बघत होता.

मी म्हणाले, "असेल याच्याच कुणा गिऱ्हाइकाची."

खोटंही नव्हतं. एवढं मोजून मापून वाक्य मला त्या क्षणी सुचलं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. घाबरून तोंडातून गेलं म्हणायलाही मला वाव नाही.

आणि तू! टॅक्सीत कळ दाबत, घामाघूम झालेला तू, मला काय विचारलंस आठवतं? "ताई, तुझी सायकल कुठे राहिली? कुलूप लावलंयस ना?" मी हो म्हणाले. तुला वॉर्डात झोपवून परत गेले आणि गाडी हलवली.

काल लाँड्रीत गेले. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. तो इस्त्री करत होता, मान वर न करता म्हणाला, "या, मोर्चा आजच आणलात वाटतं?"

मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या तोंडापुढे माझं तोंड चालतंय होय? मी गाडी तुमची म्हटलं असतं तर तिथंच मला लोकांनी धुऊन वाळत घातलं असतं."

"चुकलं माझं," म्हणाले.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग? कागद बाहेर लावलेत, माफी आत मागताय." त्यानं माझ्या कपड्यांचं गाठोडं टेबलावर आपटलं. "घेऊन जा. आणि पुन्हा इथं टाकू नका."

घरी येऊन ठरवलं, रविवारी सगळ्यांसमोर मीच सांगायचं. आरशासमोर उभी राहिले आणि सराव करायला लागले. "मित्रांनो, ज्या गाडीमुळे माझा भाऊ पडला, ती गाडी…" इथे मी थांबले. थांबणं बरं वाटलं. पुन्हा म्हटलं, आणखी थोडं जास्त थांबले, मग आवाज खाली आणून "माझी होती." तिसऱ्या खेपेला डोळ्यांत पाणीही आलं, आणि आरशातली बाई मला आवडायला लागली. माझ्या लक्षात आलं, मी टाळ्यांसाठी जागा सोडतेय. हे मी बोलले तर लोक रडतील, मला मोठ्या मनाची म्हणतील, आणि मी तिथून पूर्वीपेक्षा उंच होऊन उतरेन. लाँड्रीवाल्याचं नाव कुणाला आठवणारही नाही.

समोर येऊन तुला सांगितलं असतं तरी हेच झालं असतं. तू माझेच डोळे पुसत बसला असतास. म्हणून कागद.

सायकल विकायची की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. तुझ्या बायकोचं बरोबर आहे की माझी भाषणं बरोबर होती, यावर बोलायचा अधिकार मी आता मागत नाही. ट्रॅक हवाच, हे मात्र मी अजूनही मानते. तो माझ्यासारख्यांपासून वाचवायला हवा.

तर एवढं कर. रविवारी ये. मला मंचावर चढू देऊ नकोस. मी काही बोलायला लागले तर थांबव, माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी थांबव. एक हात झोळीत असला तरी दुसऱ्यानं माईक धरता येतो. तो माझ्या आधी तू घे आणि एवढंच म्हण: "गाडी माझ्या ताईची होती. लाँड्रीवाल्याच्या शटरवरचे कागद आत्ता, सगळ्यांसमोर, ती स्वतः काढेल."

मी शटरपाशी उभी असेन. तू म्हण, धाकट्या.

तुला पाडणारी,
तुझी ताई