कवळीवाल्याच्या मेणबत्त्या

४ डिसेंबर, गुरुवार

आला एकदाचा कवळीवाला! लेकीने पसंत केलेला मुलगा. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवतो म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे जगात म्हातारे आहेत तोवर पोटाला कमी नाही." हिने डोळे वटारले — "अहो, जरा हळू!"

लेकीची अट एकच. "बाबा, चौदा तारखेच्या रविवारपर्यंत त्याला बघा. मग हो की नाही ते सांगा." त्या रविवारी तिच्या वाचनालयात थंडीची संध्याकाळ आहे — दिवे मालवायचे, मेणबत्त्या लावायच्या आणि ज्याला हवं त्याने मोठ्याने वाचायचं. सजावट हे दोघं करणार. विकतचं काही आणायचं नाही. कारखाना आमच्या जेवणाच्या टेबलावर!

पोतं घेऊन आला होता. आत सुरूची बोंडं, वाळक्या काटक्या, जॅमच्या बाटल्या, अक्रोडाची टरफलं, जळून उरलेल्या मेणबत्त्यांची बुडखं. सासऱ्याला भेटायला पोतं घेऊन आलेला जावई मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

नाही म्हणजे नाही. लेकीला तसं सांगूनही टाकलं, तर ती त्याच्या बाजूने भांडायलाच उठली. पोरगा तोंडच उघडत नाही. मी डोक्यावर रंगाचे डबे वाहिले, पण दुकान उभं केलं ते जिभेच्या जोरावर. मुक्याला लेक देऊ?

७ डिसेंबर, रविवार

रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडायची, आत मेणबत्ती ठेवली की भिंतीवर उजेडाची नक्षी उमटते. डबे म्हणजे माझा प्रांत! हातोडा मीच घेतला. पहिल्याच घावाला डबा चेपला. दुसराही. लेक खुदकन हसली.

तो म्हणाला, "काका, आतून आधार नाही ना त्याला." आणि डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. हिची भाजी बाहेर, डबा आत. हिने चक्क जागा करून दिली!

८ डिसेंबर, सोमवार

पाण्याचा झाला बर्फ. डबा टॉवेलवर आडवा घातला, खिळा धरला — टक्, टक्. भोकं स्वच्छ, डबा जसाच्या तसा. उभा जन्म डब्यांत गेला, मला कधी सुचलं नाही. शाबास रे पठ्ठ्या! (मनातल्या मनात. उगाच चढवून ठेवायचं नाही.)

१० डिसेंबर, बुधवार

आज अक्रोड. बुडखं वितळवून टरफलात मेण ओततो, मेण धरेपर्यंत वात चिमटीत उभी ठेवतो. मग पाण्याच्या परातीत सोडतो. होडीच! एक होडी जराशी कलली. काढली, सुरीने एका बाजूचं मेण खरवडलं, पुन्हा सोडली. पुन्हा काढली.

मी म्हटलं, "अरे, कोण बघतंय एवढं?"

"कवळीचं असंच असतं, काका. एका बाजूने केसभर उंच झाली तरी माणूस घास चावायला घाबरतो. चारचौघांत हसत नाही."

वा! लेक म्हणाली, "किती वेळ लावतोस रे! कलू दे की!" लाडाने म्हणाली. ही म्हणते, लाडाने नव्हे. हिला काय कळतंय! दुकानात पलीकडच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकणारे कान आहेत माझे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घोळ केला. कोरडं लाकूड दिसलं की रंगवाल्याचे हात शिवशिवतात. दुपारी सगळ्या बोंडांना उत्तमातलं व्हार्निश मारलं. काय चकाकी! तो आला, वास घेतला, थबकला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला — ही बोंडं मेणबत्त्यांच्या बुडाशी रचायची होती! आणि व्हार्निश म्हणजे आगीला आवतण. गिऱ्हाइकांना रोज मीच बजावतो!

तो एवढंच म्हणाला, "झकास चमकताहेत, काका. यांचा हार करून बाहेरच्या दारावर लावू. मेणबत्त्यांपाशी ओली वाळू आणि गोटे घालतो."

नंतर स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज — "बाबांना सांगायचंस तरी! अख्खं वाचनालय पेटलं असतं!"

"त्यांना कळलंय. पुन्हा सांगून काय करायचंय?"

मुका कसला! तोलून बोलतो.

१४ डिसेंबर, रविवार

दिवे मालवले, मेणबत्त्या लावल्या. लांबलचक टेबलावर वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या, काटक्या, जॅमच्या बाटल्यांत स्थिर ज्योती. परातीत अक्रोडाच्या होड्या — एकही कललेली नाही. माझ्या डब्यांतून उजेडाचे ठिपके छतापर्यंत. एक निवृत्त पोस्टमन वाचायला उभा राहिला; त्याच्या सुरकुतलेल्या कपाळावर ते ठिपके हलत होते. हीसुद्धा पदराने डोळे टिपत होती, आणि मी... असो.

आणि हा कुठे? मागे, पाण्याची बादली घेऊन उभा. टाळ्या झाल्या तरी नजर ज्योतींवरच. असा माणूस घरात हवा!

घरी येताना लेकीला म्हटलं, "माझं हो. अगदी मनापासून." ती भराभर पुढे चालू लागली. आनंदाने काही सुचत नसेल.

१५ डिसेंबर, सोमवार

लेक म्हणते, "नाही, बाबा. तुमचं 'नाही' होतं तोवर मी त्याच्या बाजूने भांडत राहिले. काल तुम्ही हो म्हणालात, आणि भांडण संपल्यावर बघते तर मनात त्याच्याबद्दल दुसरं काही नव्हतंच."

ही म्हणाली, "तिला समजवा." काय समजवू? खरं बोलली पोर.

संध्याकाळी तो येतोय. सांगणार तीच. पण दार मी उघडणार.