उशिरा येणारं हसू

ती. आक्का यांस, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच? मी ठीक आहे. शाळा उघडायला आठवडा राहिलाय. वेळापत्रकात गणित बसवलं की चित्रकला बाहेर पडते आणि चित्रकला आत घेतली की दोन वर्ग एकाच खोलीत येऊन बसतात. सुताराने बाकं अशी दुरुस्त केलीत, की तिसऱ्यावर बसलं तर पहिलं करकरतं. पण पत्राचं कारण ते नाही.

पहिल्या दिवसाचं भाषण मी दरवर्षी घरी तुमच्या धाकट्या बहिणीपुढे म्हणून पाहायचो. ती भाजी निवडत ऐकायची आणि विनोदाला हसायची, पण मी पुढच्या मुद्द्यावर गेल्यानंतर. (समजायला वेळ लागायचा की दया यायला, हे विचारायचं राहूनच गेलं.) ती गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष. भिंतींना भाषण ऐकवेना, म्हणून सोमवारी भर दुपारी शाळेच्या सभागृहात गेलो. बाहेर शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता, आत रिकामी बाकं. मी म्हटलं, "मुलांनो, घाबरू नका, या शाळेत मार फक्त घंटेलाच मिळतो." नेहमीप्रमाणे शांतता. मी शिस्तीच्या मुद्द्यावर आलो आणि शेवटच्या बाकावरून हसू आलं. आधी नाकात दाबलेलं, मग सुटलेलं.

शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, आत कोणी बाई आहेत का?"

"तुला दिसतंय कोणी?"

"दिसत नाही, म्हणून तर विचारतोय," म्हणाला आणि बादली टाकून गेला. (कुंड्या आता मीच शिंपतो.) धीर करून मागे गेलो. सगळ्या बाकांवर धुळीचा थर होता, शेवटच्यावर मात्र एका माणसापुरती जागा स्वच्छ.

दुसरा कोणी पळाला असता. मी आणखी एक विनोद सांगितला. (तो फळ्याचा, ज्यावर तुम्ही भरल्या ताटावरून उठला होतात.) बराच वेळ काही नाही. कागद आवरून बाहेर आलो, दाराला कडी घातली, आणि आतून हसू. कडीवर हात ठेवून उभा राहिलो. उघडावी असं फार वाटलं. उघडली नाही. आत कोणी नसतं तर?

असो. प्रकृतीला जपा.

तुमचा,
(तुमच्या मते) वाया गेलेला मेहुणा

ता. क. : खरं काम हे. पहिल्या दिवशी या आणि पुढच्या रांगेत बसा. तुम्ही डोळे वटारलेत की तिला हसू आवरायचं नाही. तेवढे वटारा.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायचं राहिलं, बरंच झालं. आज सगळे शिक्षक आले, त्यांना भाषण ऐकवलं. कोणी हसलं नाही. जिन्यापर्यंत पोचले आणि सगळे एकदम थांबून मागे पाहू लागले. संगीताच्या बाई, या वर्षी नव्यानेच लागलेल्या, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, मागच्या बाकावर त्या एकट्याच बसल्यात. त्यांना घरी न्यायचं नाही का?"