ताईने लपवलेला ताप

३ सप्टेंबर
ताप १०२. उद्याची चौथी केमो गेली! प्लेटलेट्स अठरा हजार. डॉक्टर म्हणाले, केमोने घटतात, पण एवढ्या? आणि सांधे का ठणकताहेत? दाखल करून घेतलं. ताई रात्रभर खुर्चीत बसून. ती आहे म्हणून मी आहे.

५ सप्टेंबर
डेंग्यू. डॉक्टर म्हणाले, "केमोने पांढऱ्या पेशी आधीच कमी केल्यात. इतरांचा आठवड्यात उतरतो, तुमचं सांगता येत नाही." तोवर केमो बंद. मानेतली गाठ काय थांबून राहणार आहे?

८ सप्टेंबर
ताईच्या पर्समध्ये माझं हॉस्पिटलचं कार्ड शोधत होते. हाताला लागला चार घड्या घातलेला कागद. ताईचा रिपोर्ट. डेंग्यू — १२ ऑगस्ट.
म्हणजे पाठ धरलीय असं सांगून ताई माझ्या खोलीत पडून असायची, तेव्हा तापाने फणफणत होती! तिला चावलेला डास मला चावला.
विचारलं. "सांगितलं असतं तर तू मला घरी धाडलं असतंस. मग तुझं कोणी केलं असतं?"
धाडलंच असतं! घरात कोणालाही ताप आला तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ही शेजारी बसून मान डोलवत होती. लहानपणी माझ्या वाटचा मार खाणारी ही. हिने!

९ सप्टेंबर
ताईला जा म्हटलं. तिने डबा विसळला, माझी टोपी उशाशी ठेवली, गेली.

१४ सप्टेंबर
प्लेटलेट्स चाळीस हजार. रोज सहाला तिचा फोन. मी उचलत नाही.

१८ सप्टेंबर
काल घरी आले. आज आरोग्य खात्याच्या बाई तपासणीला आल्या. टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे — सगळं कोरडं, ताईने ठेवलेलं. मग त्यांनी माझ्या खिडकीतली मनीप्लांटची बाटली उजेडात धरली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.
"पाणी कधी बदललं?"
पहिल्या केमोपासून नाही. आई गेली तेव्हा तिच्या वेलीची आणलेली फांदी. मीच सगळ्यांना दम दिला होता — हात लावायचा नाही, जगतेय तशी जगू दे.
बाई म्हणाल्या, हा डास दिवसा चावतो, फार लांब जात नाही.
ताई दुपारी त्याच खिडकीखाली आडवी व्हायची. ऑगस्टमध्येही.

१९ सप्टेंबर
सहाला मीच फोन केला. बाटलीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फांदी टाकली नाहीस ना?"