वाकडा मोडलेला पाव

प्रिय काडीपैलवान,

पाठीवर बोचकी टाकून आपण ज्या परक्या गावात भटकलो, तिथेच आले आहे, नवऱ्याबरोबर. स्टेशनासमोरची ती खानावळ अजून आहे. दोघांत एकच सूप घ्यायचो, कारण त्याच्याबरोबर पाव फुकट मिळायचा. आपल्याला पाहिलं की मालकीणबाई न मागता दुसरा चमचा आणून आपटायची.

नियम तुझाच होता: एकाने पाव मोडायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. पण मोडायला कायम तूच पुढे, आणि दर वेळी एक तुकडा मोठा, एक एवढासा.

“अरे, धड मोडताही येत नाही का तुला?” असं म्हणत मी मोठा उचलायचे.

“हातच वाकडे गं माझे,” म्हणायचास आणि वर नळाचं पाणी ढसाढसा प्यायचास.

आज नवऱ्याने पाव सुरीने कापला, अगदी बरोबर मधून. माणूस सरळ आहे रे, नाव ठेवायला जागा नाही. पण माझा अर्धा मी तसाच ताटलीत ठेवला.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्या बायकोला विचारावंसं वाटतं, पाव अजून वाकडाच मोडतोस का? पण ती ‘हो’ म्हणाली, तर ते मला सोसायचं नाही.

तुझी,
मोठा तुकडा उचलणारी