एमिलकाकांची जागा आणि दोनशे फलंदाजांची यादी

सीडर रॅपिड्स, आयोवा
१९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप एमिलकाका यांना मिलार्डचा सादर नमस्कार.

काकूंचा नवा गुडघा रुळला का? तुमच्या ॲरिझोनात पारा एकशे बारा फॅरेनहाइटवर गेल्याचं वाचलं. भर दुपारी गोल्फला जाऊ नका (जाणारच, ठाऊक आहे, निदान टोपी घाला). आम्ही इकडे ठीक. म्हणजे तुमची सून डोरीन ठीक आहे. मी थकलोय.

काका, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. लीगमध्ये मी शेवटचा आहे, बारांत बारावा. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही चर्चच्या तळघरात ही बेसबॉलची फँटसी लीग सुरू केलीत. खेळाडू मैदानात घाम गाळणार आणि आपण कागदावर त्यांचे मालक होऊन गुण मोजणार! ॲरिझोनाला जाताना तुम्ही आपली जागा माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "ड्वोराक घराण्याची लाज राख रे बाबा." शेवटच्या आलेल्याने जागा सोडायची, हा नियम तुमचा. आपण होऊन कुणी जागा सोडायची नाही, हाही तुमचाच. आता सप्टेंबर संपला की आपली जागा जाणार, अशी चिन्हं आहेत.

मी आळस केला असं मात्र म्हणू नका. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, मी संगणकावर दोनशे फलंदाजांची यादी करत होतो. कुणाचे होमरन, म्हणजे थेट कुंपणापार मारलेले चेंडू, किती, कोण धीर धरून चेंडू सोडतो, कोणाचं वय उताराला लागलंय, कुठल्या मैदानात वारा बाहेर वाहतो (हे मी वेधशाळेकडून मागवलं, तिथल्या बाई फार सभ्यपणे बोलल्या), सगळ्याचा हिशोब करून प्रत्येकाला एक अंतिम गुण. नावाला भुलायचं नाही, फक्त त्या शेवटच्या गुणाकडे पाहायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. डोरीन कपडे घेऊन खाली आली की विचारायची, "आज कोण वर गेलं?" सुरुवातीला प्रेमाने विचारायची.

पाळीपाळीने आपापले खेळाडू निवडायच्या आदल्या दिवशी मला होमरनचा रकाना मोठ्यापासून लहानापर्यंत लावून पाहावासा वाटला. संगणकाने विचारलं, फक्त हाच रकाना हलवू की सगळे? डोळे इतके शिणले होते की मी म्हटलं, हाच. झालं! नावं जागच्या जागी राहिली आणि होमरन परस्पर भलत्याच्या पदरात पडले. अंतिम गुणही त्याबरोबर बदलले. मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात सगळे जमले. टेबलावर जर्दाळू भरलेले गोड पाव, आपले ते 'कोलाचे', तुमचा फोटो भिंतीवर. माझी पाळी आली आणि मी छाती पुढे काढून पहिल्याच फेरीत ऑर्विल टिब्सचं नाव घेतलं. हा टिब्स गेल्या वर्षी बहुतेक वेळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. उच्चारलेलं नाव मागे घेता येत नाही आणि निवड संपेपर्यंत कुणी 'का' विचारायचं नाही, हा तुमचाच दंडक, त्यामुळे सगळे गप्प. प्लंबर गस हॅव्हलिक तेवढा शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला, "हसू नकोस लेका. चार महिने तळघरात काढलेत त्याने. त्याला काहीतरी कळलंय." पुढच्याच फेरीत तुमच्या लेकीने, रमोनाताईने, असाच एक बाकावरचा गडी उचलला. बाहेर दोघा-तिघांची कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, मी आता शास्त्रज्ञ झालो.

चौथ्या फेरीत, 'कोलाचे'चा घास तोंडात असताना, माझी नजर होमरनच्या रकान्यावर गेली. टिब्सपुढे एक्केचाळीस! त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक्केचाळीस मारलेले नाहीत. घास घशात अडकला. गसने पाठीत चार गुद्दे घातले (प्लंबरचा हात तुम्हाला माहीत आहे). उरलेल्या फेऱ्या आठवणीवर खेळता आल्या असत्या, पण चार महिन्यांत आठवण वापरायची माझी सवयच मोडली होती. मी त्याच यादीवरून नावं घेत गेलो.

तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी गुण पाहायचे आणि सुस्कारा टाकायचा, हा माझा दिनक्रम. जूनमध्ये आमच्या ॲलेनाच्या लग्नात, नवरी झालेल्या पोरीबरोबर नाचताना मी तिच्या खांद्याआडून फोनवर गुण पाहिले. तिला ते कळलं. मला अजून त्याची लाज वाटते.

काकूंना नमस्कार सांगा. गुडघ्याला बर्फ लावत जा म्हणावं.

आपला पुतण्या,
मिलार्ड

ता. क. मुख्य काम राहिलंच. रमोनाताई अकरावी आहे, माझ्यापुढे फक्त नऊ गुणांनी. गेले दोन आठवडे तिने आपले तीन सगळ्यात चांगले फलंदाज कागदावर बाकावर बसवून ठेवलेत, म्हणजे त्यांचे गुण तिच्या खात्यात धरलेच जात नाहीत. माझी दया येऊन, मला वाचवायला ती हे करतेय, उघड आहे. तुमचं ती ऐकते. तिला खडसावून सांगा, त्यांना खेळव. होय, बरोबर वाचलंत. काका, मला शेवटचं येऊ द्या. तुम्हाला तोंडावर 'नको' म्हणायची माझी छाती नाही, पण मला आता या लीगमधून सुटायचंय. मला पुढचा उन्हाळा डोरीनबरोबर ओसरीवर बसून घालवायचाय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच रमोनाताईचा फोन. तिला दयेचं विचारलं तर म्हणाली, "दया? आणि तुझी? अरे शहाण्या, मलाच सुटायचंय! सव्वीस वर्षं झाली. बाबांना सांगवत नाही म्हणून त्या तिघांना बसवलंय. आणि तू मध्ये कडमडू नकोस." ती तुमची मुलगी आहे, मी पुतण्या, सगळं मान्य. तरी पत्र मिळताच तिला फोन कराच. कालपासून तिने चौथाही बसवलाय, आणि काका, मला याहून वाईट खेळता येत नाही.