अर्धं वाक्य

बनशंकरी, बंगलोर
४ ऑगस्ट १९९६

ति. सौ. ताईस,
मकरंदचा शि. सा. नमस्कार.

चिवडा पोहोचला; ऑफिसातल्यांनी डबा रिकामाच परत दिला. मी मजेत आहे असं लिहिलं तर तू ओळखशील, म्हणून खरं लिहितो. गेल्या गणपतीत मंडळाच्या नाटकात माझ्या तोंडून वाक्यच फुटेना आणि मी विंगेत पळालो. हे तुला कळवलं नव्हतं. स्टेजवर आईचं काम करणाऱ्या प्रेमाक्का एकट्याच राहिल्या. साठीच्या बाई, घाम पुसत कसंबसं निभावलं त्यांनी.

यंदाचं नाटक आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंय. आई पुन्हा त्याच, मुलगा पुन्हा मीच. तालमीला निघालो की अर्ध्या वाटेतूनच परत फिरावंसं वाटतं. एकट्याची फजिती सोसली असती गं, पण माझ्यापायी सगळे तोंडघशी पडतात. होसकोटेला बदली झाली असं खोटंच सांगावं म्हणतो.

भाच्याला गोड पापा. तुझी माया अशीच राहू दे.
तुझा मकरंद

नागपूर
१३ ऑगस्ट १९९६

चि. मकरंदास अनेक आशीर्वाद.

खोटं बोललास तर जन्मभर त्या होसकोट्यातच राहशील, वेड्या. भीती वाटते एवढंच सांग, सगळ्यांसमोर. हसले तर सरळ इकडे निघून ये. जेवणाची आबाळ करू नकोस. पत्राला उशीर केलास तर रागावेन, लोभ मात्र कमी व्हायचा नाही.
तुझी ताई, प्रतिमा

बंगलोर
२४ सप्टेंबर १९९६

ति. सौ. ताईस, शि. सा. नमस्कार.

सांगितलं. कोणी हसलं नाही. नाटक बसवणारा श्रीकांत मात्र चिडला. पुन्हा पळणार असशील तर आत्ताच बोल, म्हणाला. मी म्हटलं, खात्री देता येत नाही. तेव्हा प्रेमाक्का म्हणाल्या की पळाल्याचा राग नव्हता, नंतर एकदाही माझ्या घरी आला नाहीस याचा होता. ‘स्वल्प’, म्हणजे कानडीत थोडंसं, थांबलास तर चालेल, जाऊ नकोस, असंही म्हणाल्या. मग तालमीत आम्ही थांबण्याचाच सराव केला. एकानं मुद्दाम अडायचं, बाकीच्यांनी वाट बघायची.

परवा प्रयोगात मी खरोखरच अडलो. पाय विंगेकडे वळलेही. नाटकातली आई आजारी, त्यामुळे प्रेमाक्का खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिल्या. विंगेतून कोणी वाक्य पुरवलं नाही. कितीतरी वेळानं माझा आवाज आला, चिरका, आणि वाक्य अर्धंच. त्यांनी ते पूर्ण ऐकल्यासारखं उत्तर दिलं आणि नाटक पुढे गेलं.

या रविवारी प्रेमाक्कांकडे जेवायला जातोय.

आहे तशी जवळ राहा.
मकरंद