उसवायचे नाही, या अटीवर

मी, सौ. प्रणिता शरच्चंद्र निसळ, वय त्रेपन्न, व्यवसाय शिक्षिका (मराठी, आठवी ते दहावी), राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवे मनगट ठिकाणावर नाही, पण कायद्याला मनगटाशी कर्तव्य नसते, असे वकील आप्पासाहेबांनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर बरे वाटले असते; माझ्या वस्तूंमध्ये घरात कोणाला तरी रस आहे, एवढे तरी कळले असते.

हे आत्ताच कशाला, असे माझे यजमान विचारत आहेत. कारण तेच आहेत. दिवाळीआधी मी प्रशिक्षणासाठी नगरला गेले असताना त्यांना घर आवरण्याची हुक्की आली आणि माळ्यावरचे माझे गाठोडे त्यांनी बोहारणीला देऊन टाकले. त्यात गोधडीसाठी निवडलेले, धुतलेले, इस्त्री करून रंगवार लावलेले तुकडे होते. बदल्यात स्टीलचा एक डबा आला.

"चिंध्या होत्या गं नुसत्या," ते म्हणाले.

"चिंध्या नव्हत्या. तुकडे होते."

"फरक काय?"

संसाराला तीस वर्षे उलटून गेल्यावर हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला. पण जिवंतपणी ही गत, तर माझ्या तेराव्याची भांडी त्याच बोहारणीकडून येतील, हे तेव्हाच लक्षात आले. म्हणून हा खटाटोप.

मजकूर मी सांगितला आणि आप्पासाहेबांनी टाइप करून आणला. मध्येच ते थांबून म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात टोमणे चालत नाहीत."

"बेकायदेशीर आहेत का?"

"तसं बेकायदेशीर नाहीत, पण..."

"मग राहू द्या."

१. घर. राहते घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलगी मैत्रेयी हिला. हॉलमध्ये सोफा घेऊ नये. गोधडी पसरायला जमीन लागते, म्हणून आजवर घेतला नाही. पाहुण्यांना आम्ही कंजूस वाटतो. तसे वाटण्याचा त्यांचा हक्क मी अबाधित ठेवते.

२. ठेवी. बँकेत जे काही निघेल ते मैत्रेयीला. आकडा येथे लिहीत नाही, कारण हे मृत्युपत्र मी जाण्याआधीच शेजारी वाचतील.

३. डबा. वर उल्लेखिलेला स्टीलचा डबा यजमानांना. झाकण बसत नाही. माझ्या आठवणीदाखल त्यांनी तो रोज उघडावा आणि रोज बंद करण्याचा प्रयत्न करावा.

४. कात्री. मोठी काळ्या मुठीची कात्री केवळ कापडासाठी आहे. तिने दुधाची पिशवी कापली जात असे, आणि कापणारा माणूस "मी नाही" म्हणत असे. घरात आम्ही दोघेच राहतो. कात्री मैत्रेयीला द्यावी व तिने ती पुण्याला घेऊन जावी.

५. मैत्रेयीची गोधडी. लग्नात मी तिला एक गोधडी दिली. निळ्यावर पिवळी ठिगळे, दोन पावसाळे खपून शिवलेली. पुढच्या थंडीत मी तिच्याकडे गेले तर गोधडी भिंतीवर, खाली छोटे दिवे लावलेले.

"आई, सगळे विचारतात कुठून घेतली. आर्ट पीस म्हणतात त्याला."

"आणि तू काय पांघरतेस?"

"आम्हाला एसीत ब्लँकेट लागतं ना."

मी त्या रात्री ब्लँकेट पांघरले आणि भिंत गोधडी पांघरून झोपली. मैत्रेयी गुणी मुलगी आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तरीही नोंद असावी की भिंतीला थंडी वाजते म्हणून मी काही शिवलेले नाही. वरील कलम २ अन्वये तिला जे मिळेल, ते गोधडी भिंतीवरून उतरवून एकदा तरी तिच्याखाली झोपल्यावरच मिळावे. आप्पासाहेब म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. टिकू नये. तिला ती वाचायला लागावी, एवढेच.

६. ब्लँकेटे. प्रत्येक लग्नात, वास्तुशांतीत आणि सत्कारात आम्हाला आहेर म्हणून आलेली, वाघ, मोर व गुलाब छापलेली ब्लँकेटे दिवाणात आहेत. ज्याची त्याला परत करावीत. चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. वाघ निसळांच्या भावकीतल्या धाकट्या पातीकडून आलेला आहे.

७. तयार गोधड्या. दिवाणाच्या दुसऱ्या कप्प्यातल्या तीन जाड गोधड्या कडूबाईला द्याव्यात. पाथर्डीकडची ही बाई दर वर्षी ऊसतोडीला येते आणि कालव्यापलीकडे त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात. एका थंडीत मी तिला एक गोधडी दिली होती. पुढच्या वर्षी विचारले, कशी आहे?

"लई ऊबदार हाय बाई. पर जड लई. अंगावर सासू बसल्यागत वाटतं."

"मग दुसरी नको?"

"नको कवा म्हन्लं? थंडीत सासू बी लागतीच की."

ती गोधडी तिने फाटेपर्यंत वापरली आणि फाटल्यावर तिची बैलांसाठी झूल केली. माझ्या कामाचे याहून मोठे कौतुक कोणी केलेले नाही. महिला मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर मशीनवर शिवलेल्या चादरीला गेला होता. परीक्षक बाईंनी माझ्या गोधडीला "मेहनत दिसते" असा शेरा दिला. पेपर तपासताना नापास करायच्या मुलाला मी हाच शेरा देते.

८. अर्धी गोधडी. आता मुद्द्याचे. वरचे सगळे आपोआपही मार्गी लागले असते. हे कलम लागणार नाही, म्हणून वकील केला.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे दागिने एका दुपारी वाटून झाले, कोणी आवाजही चढवला नाही. लुगड्यांवरून मात्र मी आणि माझ्या थोरल्या नणंद इंदूताई दोन महिने बोलत नव्हतो. मऊसूत, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली नऊवारी सुती लुगडी. इंदूताईंना ती हवी होती कारण आई त्यांची. मला हवी होती कारण शेवटच्या आजारपणात ती मी धूत होते. शेवटी ठरले की सगळ्यांची मिळून एकच गोधडी करायची आणि दोघींनी शिवायची. झाल्यावर ती कोणाची, हे ठरले नाही. मी विचारले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. गोधडी मधून कापता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

इंदूताई समोरच्या गल्लीत एकट्या राहतात. दर रविवारी जेवणे आटोपली की त्या चष्मा आणि स्वतःची सुई घेऊन येतात. हॉलभर गोधडी पसरायची. मी खिडकीच्या बाजूने, त्या स्वयंपाकघराच्या बाजूने. एक ओळ धावदोऱ्याची, बोटभर अंतर सोडून दुसरी, असे कडेकडून मध्ये सरकत यायचे. त्यांची ओळ रेघ मारल्यासारखी सरळ. माझी, मागच्या वर्षापासून, वाकडी.

"अगं, हा टाका आहे की वाट चुकलेली मुंगी?"

"मुंगी घरी पोचते ताई शेवटी."

"ही श्रीरामपूरला पोचेल. उसव."

मी उसवत नाही. मग मी चहाला उठते आणि परत येते तो माझी वीतभर ओळ उसवून, तिथे त्यांचे सरळ टाके बसलेले असतात. विचारले तर म्हणतात, "सैल होते, हात लावला तर निघाले." आम्ही मध्याकडे येऊ लागलो तसे हे वाढले, कारण सरळ ओळ आणि वाकडी ओळ शेजारी आल्या की मध्ये कापड फुगते आणि कोणाची तरी ओळ काढावीच लागते. दर वेळी माझीच निघते. या हिशेबाने गोधडी पूर्ण होईल त्या दिवशी तिच्यात माझा एकही टाका नसेल.

टाके वाकडे का, ते आता कळले. मनगटातली शीर दबली आहे. बोटांना सुई टोचली तरी समजत नाही, लुगड्यावर रक्ताचा ठिपका दिसला की समजते. डॉक्टर म्हणाले, शिवणकाम कायमचे बंद.

"आणि फळ्यावर लिहिणं?"

"ते चालेल."

म्हणजे ज्याचा कंटाळा आला आहे, तेवढे चालेल.

इंदूताईंना मी मनगटाचे सांगितलेले नाही. सांगितले असते तर त्यांनी दया म्हणून टाके ठेवले असते, आणि दयेने ठेवलेला टाका मला नको आहे. पण आता ही गोधडी पूर्ण करू शकेल असे एकच माणूस उरते. म्हणून सदर अर्धी गोधडी, सासूबाईंच्या उरलेल्या दोन लुगड्यांसह व रिळांसह, मी इंदूताईंना देते. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून शिवण्यासाठी आणि माझ्यानंतर मालकीने. अट एकच: खिडकीच्या बाजूचा माझा एकही टाका उसवायचा नाही. वाकडा, सैल, रक्ताचा, जसा आहे तसा. उसवल्यास गोधडी कडूबाईकडे जाईल आणि बैल पांघरतील.

शेवटचा कोपरा शिवण्याआधी सासूबाई त्यात पोळीचा एक घास घालत. उपाशी गोधडीत झोप लागत नाही, म्हणत. तो घास इंदूताईंनी त्यांच्या हातच्या पोळीचा घालावा. त्यांची पोळी जाड असते, तरी चालेल.

९. व्यवस्था. हे सर्व मैत्रेयीने पार पाडावे. ती वेळेवर काही करत नाही, पण करते.

पुढचा मजकूर सही करण्यापूर्वी मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर कसे आहे ते दिसतेच.

साक्षीदार म्हणून मी इंदूताईंना आणि कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान असलेल्या कल्याण यांना बोलावले होते. इंदूताई साक्षीला यासाठी की शब्द न् शब्द वाचून दोष काढणारे आमच्यात दुसरे कोणी नाही. त्यांनी पेन्सिल घेऊनच वाचायला सुरुवात केली. पोळीपाशी थांबल्या.

"हे 'जाड' काढ."

"मृत्युपत्र आहे ताई."

"म्हणूनच म्हणते, खरं लिही."

मग वरचा मनगटाचा मजकूर पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, लावला. माझ्याकडे पाहिले नाही. "दुखतंय तर बोलायचं नाही का," असे त्या कागदाला म्हणाल्या. नंतर माझ्याकडे वळून, "आणि उसवायचं नाही म्हणजे अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"अगं, फुगा येईल मधे. आईच्या लुगड्याला फुगा! मला नाही जमणार."

तेवढ्यात आप्पासाहेबांनी कायदा काढला. "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीला न राहिलेलं बरं. अडतंच असं नाही, पण उद्या कुणी शंका काढायला नको. तेव्हा ताई, सही करायची तर गोधडी सोडा. गोधडी घ्यायची तर सही नको."

"मग सहीच करते. द्या पेन."

पेन घेतले, टोपण काढले. मग म्हणाल्या, "थांबा, एकदा बघून येते," आणि पेन हातात तसेच धरून हॉलमध्ये जाऊन गोधडीशी बसल्या.

आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. हॉलमधून छोट्या कात्रीची कचकच ऐकू येऊ लागली. कल्याण दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, त्या उसवत्यात वाटतं." मलाही ऐकू येत होते. मी उठले नाही. आजवर उठून काय फरक पडला होता? आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिले. यजमानांनी डब्यातून शेव काढली आणि झाकणाशी झटापट सुरू केली.

बऱ्याच वेळाने मी गेले. दोऱ्यांची बारीक तोडलेली टोके जमिनीवर पडली होती, पण ती खिडकीकडे नव्हती, स्वयंपाकघराच्या बाजूला होती. माझी ओळ, हिरव्या लुगड्याच्या काठाशी घसरलेली, जागेवर होती. तिच्या शेजारची इंदूताईंची रेघेसारखी सरळ ओळ वीतभर उसवलेली होती आणि तिथे नवे टाके होते. माझी ओळ जिथे वळते तिथे वळणारे, बोटभर अंतर राखून, शेवटपर्यंत. फुगा नव्हता.

"बघतेस काय," इंदूताई म्हणाल्या. "सुई घसरली."

मग त्या उठल्या, पेनला टोपण लावले, ते आप्पासाहेबांच्या पुढ्यात ठेवले आणि उरलेला चहा गरम करायला गेल्या. दुसऱ्या साक्षीसाठी समोरच्या किराणा दुकानातून कारभारी यांना हाक मारावी लागली.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कोणाच्याही आग्रहाशिवाय मान्य केला आहे. 'जाड' हा शब्द राहू दिला आहे. इंदूताईंनी साक्षीदार म्हणून सही केलेली नाही. त्यांना गोधडी हवी आहे.

लिहून ठेवणार: सौ. प्रणिता शरच्चंद्र निसळ (सही उजव्या हाताने, हळू)

आमच्या दोघांच्या समोर बाईंनी सही केली, आणि बाईंच्या समोर आम्ही:
१. कल्याण सोपान वाघचौरे, इस्त्रीचे दुकान, नेवासा
२. कारभारी यादव गव्हाणे, किराणा दुकान, नेवासा

ठिकाण: नेवासा, हॉलमध्ये, गोधडीवर पाय न देता
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६, रविवार